मुलांना स्पॅनिशमधून इंद्रधनुष्य आणि रंग शिकवताना: इंदूरच्या मराठी घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवात कितव्या वर्षी करावी?

मूल स्वतःच्या भाषेत चार-पाच रंग न चुकता ओळखू लागलं की करावी. बहुतेक मुलं साडेतीन-चार वर्षांची होताना हे जमवतात. त्याआधी नवं नाव शिकवलं तर मुलाला रंग आणि शब्द दोन्ही एकदम शोधावे लागतात आणि ते अंदाजानं उत्तर देऊ लागतं. तपासायचं असेल तर शब्द न वापरता तपासा: दोन लाल, दोन हिरव्या, दोन पिवळ्या बाटल्यांची झाकणं पुढ्यात टाका आणि "जोड्या लाव" म्हणा. जोड्या पटापट लागल्या तर मूल तयार आहे.

रोज दहा मिनिटं पुरतात. रविवारी एकदम तासभर बसवलेलं मूल बुधवारपर्यंत सगळं विसरलेलं असतं.

मराठीतून शिकवायचं की इंग्रजीतून? शाळेत तर सगळं इंग्रजीच आहे.

मराठीतून शिकवा. हा केवळ भाषाप्रेमाचा सल्ला नाही. रंगांच्या बाबतीत मराठी कान आणि मराठी व्याकरण स्पॅनिशच्या जास्त जवळ आहे आणि मध्ये इंग्रजी आणली की नेमकं हेच हातचं जातं.

पहिली गोष्ट उच्चारांची. स्पॅनिशमधले 'त' आणि 'द' आपल्यासारखे दातांवर जीभ टेकवून होतात. इंग्रजीतून शिकलेलं मूल जांभळ्याला 'व्हायोलेटा' म्हणतं. मराठीतून शिकलेलं मूल पहिल्याच दिवशी 'बियोलेता' म्हणतं आणि ते बरोबर असतं.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. पिवळा फुगा, पिवळी साडी, पिवळं फूल: वस्तूच्या लिंगाप्रमाणे रंगाचं रूप बदलतं हे मराठी मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीत 'यलो' हा सगळीकडे 'यलो'च राहतो, त्यामुळे इंग्रजीतून येणाऱ्याला स्पॅनिशमधला हा बदल पाठ करावा लागतो.

तिसरी गोष्ट शब्दांची, आणि ही आजीला सांगण्यासारखी आहे. स्पॅनिश 'नारानख़ा' म्हणजे नारिंगी. हा शब्द आपल्या 'नारंग'वरून फारसी आणि अरबीमार्गे स्पेनला पोचला. पारव्या रंगाला तिकडे 'आञिल' म्हणतात. तो आपल्या 'नीळ'चा वंशज, अरबीतून गेलेला. 'कार्मेसी' म्हणजे किरमिजी. दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'कृमी' आहे, कारण हा रंग पूर्वी किड्यांपासून काढत. मुलाला हे ऐकवलं की तीन शब्द परके राहत नाहीत.

रंगांची नावं आणि त्यांचे उच्चार एकत्र द्याल का?

खालचे उच्चार लॅटिन अमेरिकेत प्रचलित असलेल्या ढंगाचे आहेत. जोर कुठे द्यायचा ते यादीखाली सांगितलं आहे.

तांबडा: रोख़ो
नारिंगी: नारानख़ा (किंवा आनारानख़ादो)
पिवळा: आमारियो
हिरवा: बेर्दे
निळा: आसुल
पारवा: आञिल
जांभळा: बियोलेता, रोजच्या बोलण्यात मोरादो
गुलाबी: रोसा
पांढरा: ब्लान्को
काळा: नेग्रो
करडा: ग्रिस
तपकिरी: मार्रोन
इंद्रधनुष्य: आर्कोईरिस

जोराचा नियम सोपा आहे. शब्द स्वरावर किंवा 'न', 'स'वर संपत असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर, बाकी व्यंजनांवर संपत असेल तर शेवटच्या अक्षरावर. म्हणून 'आसुल' आणि 'आञिल' शेवटी उचलले जातात. नियम मोडणाऱ्या शब्दावर लिहिताना छोटी तिरकी रेघ येते. 'मार्रोन'च्या ओवर ती असते. 'आर्कोईरिस'च्या ईवरही असते, पण ती ओ आणि ई वेगवेगळे म्हणायचे हे दाखवायला. 'आर्कोईरिस' पुल्लिंगी आहे, एक असो की दोन, शब्द तोच राहतो.

'रोख़ो' नीट येत नाही. 'रोजो', 'रोहो', 'रोको' असं काहीही होतं. काय करावं?

'रोजो' आलं तर समजा की मुलानं शब्द ऐकण्याआधी वाचला. लिहिताना तिथे जे अक्षर असतं ते इंग्रजी शाळेत 'ज' म्हणून शिकवलेलं असतं. उपाय एकच: पहिले सहा आठवडे स्पॅनिश शब्द लिहून दाखवू नका, फक्त ऐकवा.

हा आवाज आपल्या 'खडू'तला 'ख' नाही. त्या 'ख'ला जीभ टाळूला टेकून सुटते. इथे ती टेकतच नाही, फक्त जवळ जाते आणि हवा घासत बाहेर येते. इंदुरात राहण्याचा इथे फायदा आहे. 'ख़बर', 'ख़ाली', 'आख़िर' नीट उच्चारणारं कुणी ना कुणी ओळखीत असतंच, त्यांच्याकडून हे शब्द म्हणवून घ्या आणि लगेच 'रोख़ो' म्हणा. तरीही जमलं नाही तर 'रोहो' चालू द्या. कॅरिबियन बेटांवर आणि कोलंबियाच्या किनाऱ्यावर लोक जवळपास तसंच बोलतात. 'रोको' मात्र चालू देऊ नका, त्यानं निराळाच शब्द होतो.

सुरुवातीचा 'र' लांब थरथरता हवा. मुलाला मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज काढायला सांगा, 'र्र्र्र', आणि त्यातूनच 'ओ'वर जाऊ द्या. 'नारानख़ा', 'आमारियो', 'बेर्दे' यांतला 'र' आपला नेहमीचाच, तिथे थरथर नको. उत्साही मुलं सगळीकडे मोटारसायकल चालवतात, त्यांना थांबवा.

'बेर्दे' आणि 'बियोलेता' लिहिताना 'व्ही'नं सुरू होतात, पण उच्चार 'ब' होतो. वाक्याच्या मध्ये ओठ पूर्ण न मिटता तो 'व'कडे झुकतो. हे मुलाला समजावत बसू नका, ऐकून आपोआप येतं.

आधी कोणते रंग घ्यावेत?

पहिल्या आठवड्यात रोख़ो, बेर्दे, आसुल. दुसऱ्यात आमारियो आणि ब्लान्को. तिसऱ्यात नेग्रो आणि नारानख़ा. मोरादो, रोसा, मार्रोन त्यानंतर. आञिल आणि बियोलेता अगदी शेवटी, इंद्रधनुष्याच्या धड्यातच.

आमारियो आणि आसुल एकाच दिवशी सुरू करू नका, दोन्ही 'आ'नं सुरू होतात आणि मुलं ते हमखास अदलाबदल करतात. तसेच रोख़ो आणि रोसा. एक पक्का झाल्याशिवाय दुसरा आणायचा नाही. एका दिवसात सातही रंगांचा तक्ता लावून म्हणून घेण्याची पद्धत आम्हाला मान्य नाही. मूल ताल पकडतं, पाढ्यासारखं सगळं म्हणून दाखवतं, पण मधलाच हिरवा खडू हातात दिला की पहिल्यापासून मोजत येतं.

घरी 'तानापिहिनिपाजा', शाळेत 'बैनीआहपीनाला'. स्पॅनिशमध्ये कोणता क्रम?

हा इंदूरच्या मराठी मुलांचा खास गोंधळ आहे, म्हणून सविस्तर.

मराठी क्रम तांबड्यापासून सुरू होतो: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. हिंदीचं 'बैनीआहपीनाला' उलट्या टोकाकडून येतं: बैंगनी, नीला, आसमानी, हरा, पीला, नारंगी, लाल. इंग्रजीचं 'विबग्योर'ही जांभळ्यापासूनच सुरू होतं. स्पॅनिशमध्ये मराठीसारखं तांबड्यापासून म्हणतात: रोख़ो, नारानख़ा, आमारियो, बेर्दे, आसुल, आञिल, बियोलेता. तेव्हा आजीच्या तानापिहिनिपाजाच्या प्रत्येक अक्षराखाली एकेक स्पॅनिश शब्द बसवा. क्रम मुलाला आधीच येतो, नवं काही पाठ करावं लागत नाही.

खरा खड्डा निळ्यात आहे. मराठी क्रमातला 'निळा' पाचवा, म्हणजे आसुल. पण 'बैनीआहपीनाला'मधला 'नीला' जांभळ्याच्या शेजारी बसतो, म्हणजे तो आपला पारवा, आञिल. तिथे आसुलच्या जागी 'आसमानी' आहे. त्यात काही हिंदी पुस्तकांत 'बैजानीहपीनाला' असतं, त्यात पारव्याला 'जामुनी' म्हणतात आणि 'नीला' परत आपल्या निळ्याच्या जागी येतो. मूल शाळेतून 'नीला म्हणजे आञिल' असं शिकून आलं तर ते चुकलेलं नाही. त्याचं पुस्तक पाहा, कोणता क्रम आहे ते बघा आणि मग शब्दावरून न बोलता रंगावर बोट ठेवून सांगा: हा आसुल, हा आञिल.

बोट कशावर ठेवायचं? आसुलसाठी शाईच्या पेनाची नेहमीची निळी शाई. आञिलसाठी पांढऱ्या कपड्यांना घालायच्या निळीची बाटली: बादलीत टाकण्याआधीचा, बाटलीतला तो गर्द रंग. हे दोन शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना कळतो. आणि 'आञिल'मध्ये 'नीळ' लपलेली आहे हे इथेच सांगायचं.

पण इंद्रधनुष्यात खरोखर सात रंग असतात का?

रंग एकमेकांत विरघळत जातात, मध्ये कुठेही रेघ नसते. सात हा आकडा न्यूटनचा. त्यानं आधी पाचच मुख्य रंग मोजले होते, नारिंगी आणि पारवा नंतर घातले, संगीतातल्या सात स्वरांशी मेळ बसवण्यासाठी. 1704 साली छापलेल्या 'ऑप्टिक्स'मध्ये सात आहेत. तेव्हा मुलानं आकाशाकडे बघून "मला पाचच दिसतात" म्हटलं तर ते खरं आहे. 'सिन्को' म्हणजे पाच, 'सिएते' म्हणजे सात, हे दोन आकडे शिकवायला याहून चांगली वेळ नाही.

इंदुरात इंद्रधनुष्य नेमकं कधी दिसतं? मुलाला घेऊन किती वेळा गच्चीवर गेलो, काही दिसत नाही.

बहुतेक वेळा दुपारी गेलेलं असतं. तांबडा पट्टा सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेच्या बिंदूभोवती सुमारे 42 अंशांवर दिसतो. सूर्य 42 अंशांहून वर असला की सगळी कमान क्षितिजाखाली जाते. इंदूर 22.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे, कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं पुढून जातं, त्यामुळे जून-जुलैत भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. त्या वेळी कितीही ऊनपाऊस झाला तरी कमान दिसणार नाही. पावसाळ्यात सकाळी नऊच्या आत आणि दुपारी चारनंतर शक्यता असते, संध्याकाळी पाच ते साडेसहा सर्वांत चांगली.

घड्याळाशिवाय ओळखायची युक्ती: मुलाला उन्हात उभं करा. सावली त्याच्या उंचीहून लांब असेल तर थांबा, आखूड असेल तर खाली जा आणि चहा घ्या.

उभं राहायचं ते सूर्याकडे पाठ करून. सकाळी पश्चिमेकडे बघायचं, संध्याकाळी पूर्वेकडे. कमानीचा मध्य तुमच्या डोक्याच्या सावलीच्या रेषेत असतो. पूर्व बाजू मोकळी असलेली गच्ची निवडा, समोर चार मजली इमारत असेल तर अर्धी कमान तीच झाकते. दिसलं की मोठ्यानं म्हणायचं वाक्य: 'मीरा, उन आर्कोईरिस!' म्हणजे 'बघ, इंद्रधनुष्य!' या 'मीरा'वर मुलं खूश होतात, कारण वर्गात एखादी मीरा असतेच.

तांबडा पट्टा बाहेरच्या, वरच्या कडेला असतो, जांभळा आत. कधी वर फिकट दुसरी कमान दिसते, साधारण 51 अंशांवर, तिच्यात क्रम उलटा असतो: तांबडा आत, जांभळा बाहेर. दोन कमानींच्या मधलं आकाश आसपासच्याहून काळपट वाटतं. मुलाला विचारा, 'दोन्दे एस्ता एल रोख़ो?', तांबडा कुठे आहे? दोन्ही कमानींवर बोट ठेवू द्या. इथे पाठांतर कामाला येत नाही, बघावंच लागतं.

पाऊस नसताना घरी इंद्रधनुष्य कसं करायचं?

सर्वांत भरवशाची रीत परातीची. मोठ्या परातीत चार-पाच सेंटिमीटर पाणी घ्या आणि खिडकीतून थेट ऊन येतं तिथे ठेवा. छोटा सपाट आरसा परातीच्या कडेला तिरका टेकवा, अर्धा पाण्यात, तोंड उन्हाकडे. आरशातून परतलेला उजेड समोरच्या भिंतीवर किंवा छतावर पडेल, तिथे पांढरा कागद धरा. पट्टा दिसला नाही तर आरसा हळूहळू जास्त उभा, मग जास्त आडवा करून पाहा. साधारण 45 अंशांच्या आसपास कुठेतरी तो सापडतो.

काय बिघडतं? पाणी हलत असतं, म्हणून रंग थरथरतात: हात काढा आणि एक मिनिट थांबा. खोलीत उजेड जास्त असतो, म्हणून रंग फिके दिसतात: बाकीचे पडदे ओढा. भिंत क्रीम रंगाची असते, त्यावर पिवळा हरवतो: म्हणूनच पांढरा कागद. आरशाची तिरीप कुणाच्याही डोळ्यांत जाऊ देऊ नका, ही काळजी मोठ्या माणसानं घ्यायची.

दुसरी रीत गच्चीवर पाण्याच्या नळीची. सूर्याकडे पाठ, नळीच्या तोंडावर अंगठा दाबून बारीक फवारा. पाण्याची जाड धार पडली तर काही दिसत नाही, बारीक थेंबांचा फवारा हवा. फवारा तुमच्या पायांपाशीही उडत असल्यानं सूर्य वर असतानाही खाली बघितलं तर कमान दिसते, कधी जवळजवळ पूर्ण वर्तुळ.

जुन्या सीडीवरचे रंग सुंदर असतात, पण क्रम शिकवायला ती वापरू नका. सीडीवरचे रंग बारीक रेघांमुळे होतात, पाण्यातल्या वक्रीभवनामुळे नाही. तिथे उजेड सर्वांत जास्त वळतो तो तांबडा, पाण्यात आणि काचेत जांभळा. मुलाचा क्रम विनाकारण गडबडतो.

रोजच्या दहा मिनिटांत नेमकं काय करावं?

इंदुरात सकाळी पोहे असतातच, तेव्हा बशीपासून सुरू करा. पोह्यांची बशी मुलापुढे ठेवा आणि खाण्याआधी एकेका गोष्टीवर बोट ठेवून विचारा: 'दे के कोलोर एस?', हा कोणत्या रंगाचा? पोहे आमारियो. वरची कोथिंबीर बेर्दे. डाळिंबाचे दाणे रोख़ो. खोबऱ्याचा कीस ब्लान्को. शेजारची जिलबी नारानख़ा. वर भुरभुरलेली जिरावण मसाल्याची पूड मार्रोन. लिंबाची फोड बेर्दे, पण तेच लिंबू पिकलं की आमारियो, हे मूल स्वतः सांगतं.

कांद्याशी थोडं थांबा. आपण त्याला लाल कांदा म्हणतो, स्पॅनिशमध्ये तो 'सेबोया मोरादा', जांभळा कांदा. कापलेली चकती उजेडात धरली की त्यांचं म्हणणंही पटतं. एकाच वस्तूला दोन भाषा वेगळ्या रंगाची म्हणतात हे मुलाला या वयात कळलं तर फार चांगलं.

पहिले दोन आठवडे मुलाकडून एका शब्दाचं उत्तर पुरे. नंतर 'एस रोख़ो', तो तांबडा आहे. विचारायच्या आधी करायला सांगणं जास्त चालतं: 'तोका आल्गो बेर्दे', हिरव्या कशालातरी हात लाव. 'दामे एल आसुल', निळा दे. मूल घरभर पळतं, बोलायची सक्ती नसते आणि ऐकण्याचा सराव होतो. 'आल्गो' म्हणजे काहीतरी. त्याच्यामागे रंग कायम पुल्लिंगी राहतो, त्यामुळे रोख़ो की रोख़ा हा प्रश्नच सुरुवातीला येत नाही.

रोख़ो आणि रोख़ा यांतला फरक केव्हा शिकवायचा?

सात-आठ रंग तोंडात बसले की. नियम म्हणून नको, मराठीशेजारी ठेवून. 'पिवळा फुगा, पिवळी साडी' म्हणा आणि लगेच 'एल ग्लोबो आमारियो, ला मान्साना रोख़ा': पिवळा फुगा, तांबडं सफरचंद. शेवटी ओ असलेले रंग पिवळ्यासारखे बदलतात: रोख़ो, आमारियो, ब्लान्को, नेग्रो, मोरादो. बेर्दे, आसुल, ग्रिस लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, आपल्या 'लाल'सारखे. पण अनेक वस्तू असल्या की त्यांनाही शेपूट लागतं: बेर्देस, आसुलेस, ग्रिसेस.

नारानख़ा, रोसा, बियोलेता मुळात फळाफुलांची नावं, त्यामुळे स्त्री-पुरुष भेद त्यांना नाही. मराठीतही नारिंगी फुगा आणि नारिंगी साडी, गुलाबी फुगा आणि गुलाबी साडी. कारणही थेट तेच: नारिंगावरून नारिंगी, गुलाबावरून गुलाबी. मोरादो मात्र बदलतो. 'मोरा' म्हणजे तुती, तिच्यापासून तो झाला, जसा जांभळापासून आपला जांभळा झाला आणि तोही बदलतो.

चूक होते ती जागेची. स्पॅनिशमध्ये रंग वस्तूच्या मागून येतो: 'फुगा पिवळा' असा. मूल मराठी सवयीनं 'आमारियो ग्लोबो' म्हणालं तर टोकू नका, तुम्ही तेच वाक्य बरोबर क्रमानं परत म्हणा आणि पुढे चला.

रंग कालवताना जांभळा कधीच होत नाही, तपकिरीच होतो. का?

बाटली चुकली. पोस्टर रंगांच्या डब्यात दोन तांबडे असतात. 'व्हर्मिलियन' शेंदरी आहे, त्यात पिवळ्याचा अंश असतो. तो निळ्यात घातला की तिन्ही मूळ रंग एकत्र येऊन मातकट होतं. 'क्रिमसन' घ्या, तो गुलाबीकडे झुकतो. हा 'क्रिमसन' म्हणजेच कार्मेसी, म्हणजेच किरमिजी: बाटली दाखवून सांगा. निळ्यातला 'अल्ट्रामरीन' जांभळ्यासाठी उत्तम.

प्रमाण सांभाळा. एक चमचा पिवळ्याला निळा फक्त ब्रशच्या टोकावर येईल इतका, आणि फिकटात गडद घालायचा, गडदात फिकट नाही. उलट केलं तर अर्धी पिवळी बाटली संपते तरी हिरवा उजळत नाही. प्रत्येक मिश्रणाआधी ब्रश दोन पाण्यांत धुवा. म्हणायची वाक्यं तीन: 'आमारियो ई आसुल, बेर्दे', 'रोख़ो ई आमारियो, नारानख़ा', 'रोख़ो ई आसुल, मोरादो'. 'ई' म्हणजे आणि.

रांगोळीच्या पुडीनं हा प्रयोग करू नका. कण शेजारी शेजारी राहतात, मिसळत नाहीत.

स्पेनचे शब्द वेगळे आणि मेक्सिकोचे वेगळे का येतात?

स्पॅनिश 20 देशांची अधिकृत भाषा आहे, फरक असणारच. स्पेनच्या मोठ्या भागात 'आसुल'मधला 'स' जीभ दातांत धरून म्हणतात. आर्जेंटिनात आमारियोचं 'आमारिशो' होतं. तपकिरीला मेक्सिकोत 'काफे'. आर्जेंटिनात फिकट निळ्याला 'सेलेस्ते' हे स्वतंत्र नाव आहे, आपल्या आसमानीसारखं, तिकडच्या झेंड्याचा तोच रंग. मुलासाठी एक ढंग निवडा आणि तोच ठेवा. व्हिडिओत दुसरा ऐकू आला तर "मुंबईत वेगळं बोलतात ना, तसं" एवढं सांगणं पुरतं.

'नेग्रो' शिकवायला संकोच वाटतो.

स्पॅनिशमध्ये ते काळ्या रंगाचं साधं नाव आहे आणि शिकवायलाच हवं. मांजर, छत्री, बूट यांच्यासाठी वापरा. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलाला एवढं सांगा की असाच दिसणारा इंग्रजी शब्द माणसांसाठी अपमानकारक आहे, तो बोलायचा नाही, आणि कोणत्याही भाषेत माणसाला त्याच्या रंगावरून हाक मारायची नाही.

तीन महिने झाले, रोख़ो आणि बेर्दे अजूनही उलटसुलट होतात.

सुरुवातीला सांगितलेली झाकणांची जोड्या लावण्याची परीक्षा परत घ्या, या वेळी लाल, हिरवा आणि तपकिरी मिळून. जोड्या नीट लागल्या तर शब्दांचा गोंधळ आहे, बेर्दे दोन आठवडे बाजूला ठेवा. जोड्याही चुकल्या, विशेषतः मंद उजेडात, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंगदृष्टी तपासून घ्या. लाल-हिरव्यातला फरक न दिसण्याचा दोष मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा बराच जास्त आढळतो. ठिपक्यांतले आकडे ओळखायची ती तपासणी काही मिनिटांत होते आणि दुखत नाही. तोवर मुलावर चिडू नका.

रंगपंचमीला काय करता येईल?

राजवाड्याच्या गेरीच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या गर्दीत शिकवणं होत नाही, ते आदल्या संध्याकाळी करा. गुलालाच्या पुड्या वेगवेगळ्या वाट्यांत ओता, मूल वाट्यांसमोर बसेल, तुम्ही 'दामे एल रोसा' म्हणाल आणि ते गुलाबी वाटी देईल. चुकलं तर तुमच्या गालाला तोच रंग. मग अदलाबदल, मूल मागेल आणि तुम्ही द्याल. दुसऱ्या दिवशी घरी परतल्यावर आंघोळीआधी आरशासमोर उभं करून विचारा: केस कोणत्या रंगाचे, कान कोणते, सदरा कोणता. सगळे रंग मिसळलेले असतात, मूल शोधून शोधून सांगतं.

लिहायला आणि परीक्षेला कधी बसवावं?

बोलताना दहा रंग आपोआप येऊ लागले की लिहायला. पहिला शब्द 'रोख़ो' नको, त्यातलं 'जे' अक्षर घात करतं. 'बेर्दे'ही नको, तिथे 'व्ही' आहे. 'ब्लान्को', 'ग्रिस', 'रोसा' यांनी सुरुवात करा, जसे ऐकू येतात तसेच लिहितात. 'आमारियो'तले दोन 'एल' आणि 'आञिल'मधली 'एन'वरची लाटेसारखी खूण शेवटी. ती खूण विसरली की 'आञिल' राहत नाही, वाचणारा 'आनिल' वाचतो.

शाळकरी मुलांसाठी 'देले' या स्पॅनिशच्या परीक्षेचा खास स्तर असतो, पण तो साधारण अकरा वर्षांपुढचा विचार आहे. पाच वर्षांच्या मुलाला त्यासाठी तयार करण्याची गरज नाही. त्याला या आठवड्यात आमारियो द्या, पुढच्या आठवड्यात नारानख़ा.